फटफटीची किल्ली आणि चौकातले मामा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळ्याच्या कडेला चार-दोन जुन्या फटफटी उभ्या राहिल्या की बघे जमतात, पोरं सेल्फी काढतात. त्याच गाड्या घरी परतताना त्यांतली एखादी तरी बिंदू चौकात नाहीतर दसरा चौकात शिट्टीखाली सापडते. मग ट्रॅफिकवाले मामा आणि फटफटीवाला यांच्यात जो संवाद होतो, त्यावर गावात पिढ्यान् पिढ्या किस्से चालत आलेत. त्यांत तिखटमीठ किती आणि खरं किती, हा भाग सोडून द्या. या गाड्या खोलणाऱ्या-जोडणाऱ्यांच्या नजरेने पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. यातले बहुतेक खटके कायदा मोडल्यामुळे उडत नाहीत, यंत्र समजलं नाही म्हणून उडतात. आणि ते मामांना समजलेलं नसतं तसंच पुष्कळदा गाडीवर बसलेल्यालाही समजलेलं नसतं. म्हणून हे लांबलचक पत्र. छापताना कात्री लावलीत तरी पान्याचे आणि गॅपचे आकडे तेवढे राहू द्या.

आधी जातकुळीचा गोंधळ मिटवू. आपल्याकडे कुठलीही जुनी, जड, फटफट वाजणारी गाडी ब्रिटिश ठरते. जावा-येझदीचं मूळ चेकोस्लोव्हाकियात, राजदूतचं पोलंडात, लॅम्ब्रेटा इटलीची. ब्रिटिश म्हणजे बर्मिंगहॅमच्या बीएसए, नॉर्टन आणि एरियल, लंडनच्या प्लमस्टेडची मॅचलेस, कॉव्हेंट्रीची आणि कारखान्यावर बॉम्ब पडल्यावर मेरिडनला गेलेली ट्रायम्फ, रेडिचची रॉयल एन्फिल्ड. दुसऱ्या महायुद्धात बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल या गाड्या लष्करासाठी ढिगाने बनल्या आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या लिलावांतून बाहेर आल्या. बुलेट १९५५ पासून मद्रासेत बनू लागली, म्हणून ती घरची. तरी तिचं हाड ब्रिटिशच.

बीएसए हे नाव सांगितलं की चौकात हमखास प्रश्न येतो, "ती सायकलची कंपनी न्हवं?" प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे ते नाव सायकलीमुळेच घरोघरी पोचलं. पण मूळ नाव बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, धंदा बंदुकांचा. कंपनीच्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका आहेत. इंजिनावर बंदुकांचं चित्र, पाठीला पान्यांची जड पिशवी आणि अंगात लष्करी रंगाचं जाकीट असा माणूस नाकाबंदीत थांबवला गेला, तर मामांना दोष देता येत नाही.

आता किल्लीचा विषय. वाहन थांबवलं की पहिला हात किल्लीकडे जातो, ही चौकातली जुनी रीत. आणि इथेच पहिला खटका उडतो.

"गाडी बाजूला घ्या. किल्ली द्या."
"किल्ली नाही, मामा."
"घरात ठेवून आलाय? मग चालू कशी झाली?"
"किकनं."
"म्हणजे डायरेक्ट केलीय!"

डायरेक्ट केलेली नसते. एम२०, १६एच, जी३एल या गाड्यांना ठिणगी मॅग्नेटोकडून मिळते. आपले मेस्त्री त्याला मॅग्नेट म्हणतात. तो इंजिनाबरोबर फिरतो आणि आपली वीज आपणच तयार करतो. त्याला बॅटरी लागत नाही, म्हणून किल्लीचीही गरज पडत नाही. कारखान्यातून बाहेर पडतानाच या गाड्यांना किल्ली नव्हती. हेडलाइटवर जो खटका दिसतो तो फक्त दिव्यांचा. मामांनी तो पिरगाळला तर दिवा जातो आणि इंजिन आपलं फटफटत राहतं. मग मामांची नजर मालकाकडे वळते आणि प्रकरण चिघळतं. इंजिन बंद करायचा मार्ग हँडलच्या डाव्या बाजूला असतो. क्लचच्या वर किंवा खाली एक लहान लिव्हर असतो, तो व्हॉल्व्ह लिफ्टर. तो ओढला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलला जातो, कॉम्प्रेशन निघून जातं आणि इंजिन फुस्स करून थांबतं. काही गाड्यांना हँडलवर मॅग्नेटो बंद करायचं बटणही असतं. मद्रासची बुलेट कॉइलवर चालते, तिला रीतसर किल्ली आहे. तेव्हा किल्ली मागण्याऐवजी "इंजिन बंद करा" असं म्हटलं की निम्मा वाद तिथेच मिटेल.

चोरीच्या भीतीने मालक किल्लीचा खटका नंतर बसवून घेतात. हरकत नाही, पण वायरिंग उलटं असतं हे ध्यानात घ्या. कॉइलच्या गाडीत खटका जोडला की करंट जातो आणि गाडी चालू होते. मॅग्नेटोच्या गाडीत कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या टोपणातून निघालेली वायर चेसिसला टेकली की ठिणगी मरते. म्हणजे खटका जोडलेला असताना गाडी बंद आणि तोडलेला असताना चालू. बाजारातलं साधं इग्निशन लॉक बसवलं तर किल्ली 'ऑन' केल्यावर गाडी मरते आणि 'ऑफ' केल्यावर चालू होते. अशी गाडी चौकात सापडली तर काय समजावणार? बंद अवस्थेत जोडणारा खटका मागून घ्या. आणि वायर तुटली तर गाडी बंद होणार नाही, म्हणून व्हॉल्व्ह लिफ्टरची केबल कायम ठीक ठेवा.

चौकशी झाली, कागद बघून झाले, "जावा आता" म्हणाले. आणि गाडी चालू होईना. मागे रिक्षा, बाजूला केएमटीची बस, मामा घड्याळ बघतायत. अशा वेळी उड्या मारून किक मारणारा माणूस आपला घोटा गमावतो. रीत अशी आहे. पेट्रोलचा कॉक उघडा. इंजिन गार असेल तरच कार्बोरेटरचा टिकलर, म्हणजे जास्तीचं पेट्रोल सोडणारं बटण, दाबा, पेट्रोल ओलं दिसेपर्यंत, त्यापुढे नाही. एअर लिव्हर बंद. ठिणगी लवकर-उशिरा पाडणारा अ‍ॅडव्हान्स-रिटार्डचा लिव्हर पूर्ण अ‍ॅडव्हान्सवरून साधारण तिसरा हिस्सा मागे घ्या. थ्रॉटल जेमतेम उघडं. आता किक हळूहळू दाबत जा, कॉम्प्रेशनची अडचण पायाला लागेल. तिथे व्हॉल्व्ह लिफ्टर ओढून पिस्टन माथ्यावरून किंचित पुढे सरकवा, लिफ्टर सोडा, किक वर आणा आणि मग एकच पूर्ण, खालपर्यंत जाणारी किक. जोर लागत नाही, लांबी लागते.

लिव्हर मागे घ्यायला विसरलात तर किक उलटी मारते. कारण साधं आहे. ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधी पडते. वेगात फिरणाऱ्या इंजिनाला ते हवंच असतं, पण किकच्या मंद फिरण्यात जळता गॅस पिस्टनला आल्या वाटेने परत ढकलतो आणि किकचा दांडा तुमच्या नडगीवर येतो. मदतीला धावून आलेल्या मामांना किक मारायला द्यायची असेल तर आधी हा लिव्हर बघा, नाहीतर शासकीय कामात अडथळ्याचा नवाच प्रकार घडायचा. लिव्हरची दिशा सगळ्या गाड्यांत सारखी नसते. कुठे केबल ताणली की अ‍ॅडव्हान्स होतो, कुठे सैल सोडली की. खात्री नसेल तर इंजिन चालू असताना लिव्हर हलवून बघा. ज्या बाजूला इंजिन मंदावून धपापतं ती रिटार्डची बाजू.

गरम इंजिनाचं गणित वेगळं. पन्हाळ्याचा चढ उतरून आलेली साइड व्हॉल्व्ह गाडी शिवाजी पुलाच्या कोंडीत पाच मिनिटं अडकली की बंद पडते आणि मग ऐकत नाही. तिथे टिकलर दाबणं ही सगळ्यांत मोठी चूक. दम लागलेल्या पैलवानाच्या तोंडात खुराक कोंबण्यातलाच प्रकार तो. एअर लिव्हर पूर्ण उघडा, थ्रॉटल बंद ठेवा आणि एक किक. पेट्रोल आधीच जास्त झालं असेल तर कॉक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, व्हॉल्व्ह लिफ्टर ओढून पाच-सहा किका नुसत्या मारा, आतलं पेट्रोल बाहेर जाऊ द्या आणि मग पुन्हा सुरुवात करा.

एवढं करूनही गाडी गार असताना एका किकेत आणि गरम झाल्यावर शंभर किकांतही नाही, असं होत असेल तर कार्बोरेटर खोलत बसू नका. दोष मॅग्नेटोत आहे. एकतर कंडेन्सर गळतोय, नाहीतर आर्मेचरच्या गुंडाळीवरची चपडी म्हातारी झालीय. ती उष्णतेने पातळ होते, इन्सुलेशन जातं आणि ठिणगी पिवळी पडते. नवीन कंडेन्सर आणि नवी गुंडाळी हाच इलाज. तोवर निदान पॉइंटचा गॅप १२ थाऊ, म्हणजे ०.३ मिलिमीटर, आणि प्लगचा गॅप १८ ते २० थाऊ ठेवा. आजच्या गाड्यांच्या सवयीने प्लगचा गॅप वाढवून ठेवणारे पुष्कळ आहेत. मॅग्नेटोला किकच्या वेगात तेवढी उडी झेपत नाही.

हाताच्या इशाऱ्यांबद्दल नव्या पिढीच्या मामांना आणि नव्या पिढीच्या चालकांनाही सांगावं लागतं. युद्धकाळातल्या या गाड्यांना इंडिकेटर नाही, ब्रेक लाइट नाही. उजवीकडे वळताना उजवा हात आडवा पसरायचा, तळवा पुढे. डावीकडे वळताना उजवाच हात पसरून घड्याळाच्या उलट फिरवायचा. वेग कमी करताना तळवा खाली करून हात वर-खाली. हे इशारे अजून नियमांत आहेत. अडचण अशी की थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हातात. हात सोडला की थ्रॉटल बंद होतं आणि मंद चालीवर गाडी मरते, नेमकी चौकाच्या मधोमध. यावरचा उपाय त्या काळीच करून ठेवलेला आहे. आमाल कंपनीच्या थ्रॉटल मुठीच्या पोटात एक खाचेचा स्क्रू असतो. तो थोडा आवळला की मूठ जिथे सोडली तिथेच राहते. तो इतकाच आवळा की हात काढल्यावर मूठ हळूहळू मागे येईल. पूर्ण घट्ट केला तर ब्रेक मारताना थ्रॉटल उघडं राहतं आणि मामांच्या छत्रीपर्यंतचं अंतर फार लवकर संपतं.

ब्रेकचंही तेच. ७ इंची ड्रम आणि पावणेदोनशे किलोच्या घरातलं लोखंड. मामांनी अचानक हात केला तर आजची डिस्कची गाडी जागच्या जागी थांबते. एम२० वीस-पंचवीस फूट पुढे जाऊन थांबते. लांबून ते पळून चालल्यासारखं दिसतं. तिथे इशाऱ्यासाठी हात उचलत बसू नका. दोन्ही ब्रेक धरा, थांबा आणि मग मागे वळून नमस्कार करा.

वेगाबद्दल एक बारीक सापळा आहे. स्मिथचं स्पीडोमीटर मैलांत असतं. रस्त्याकडेच्या फलकावर ४० लिहिलंय, काट्यावर ४० दिसतंय, आणि गाडी प्रत्यक्षात ताशी ६४ किलोमीटरने चाललीय. काचेवर आतून नव्हे, बाहेरून लाल रंगाचे तीन ठिपके लावा. २५ वर ४० किलोमीटर, ३१ वर ५०, ३७ च्या जरा पुढे ६०. जुन्या क्रोनोमेट्रिक मीटरचा काटा सरळ चढत नाही, टक-टक उड्या मारतो. तो बिघडलेला नसतो, त्याची चालच तशी. युद्धकाळातली एम२० नवी असतानाही ताशी ६० मैलांच्या आसपास दमायची.

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत हमखास किस्सा गाडी जप्त करून चौकीत नेण्याचा. या गाड्यांना गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या मध्यात गिअर डावीकडेच हवा असा नियम केला आणि जगाची रीत बदलली. त्याआधी ब्रिटिशांचा पाय उजवाच. नव्या गाड्यांची सवय असलेला माणूस बसला की थांबायच्या वेळी उजवा पाय दाबतो. ब्रेक लागत नाही, गिअर पडतो. मग घाईत गिअर बदलायला डावा पाय दाबतो आणि मागचं चाक जाम होतं. त्यात पहिला गिअर कुठे वर, कुठे खाली. बुलेटचा पहिला वर आणि बाकीचे खाली, ट्रायम्फचा पहिला खाली. पूर्वी हा घोळ कमी व्हायचा, कारण खात्याच्या बुलेटनाच उजवीकडे गिअर होता. निवृत्त हवालदारांना जुनी गाडी बघितली की टाच आपोआप न्यूट्रल फाइंडर शोधते. तो गिअरच्या दांड्याशेजारचा आखूड लिव्हर. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून टाचेने दाबला की थेट न्यूट्रल. ती पिढी गेली आणि २०१० च्या सुमारास बुलेटचाही गिअर डावीकडे आला. तेव्हा जप्तीची वेळ आलीच तर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत न्या किंवा मालकालाच चालवायला सांगा. क्रेनवाल्यांनाही विनंती, मागच्या मडगार्डला धरून उचलू नका. ते दोन-तीन बोल्टांवर बसवलेला पत्रा आहे, गाडीचं वजन पेलायला नाही. चेसिसला पट्टा घाला.

धुराबद्दल तक्रार रास्त आहे, पण कारण निराळं. या इंजिनांचं तेल खाली चेंबरमध्ये नसतं, वेगळ्या टाकीत असतं. गाडी आठवडाभर उभी राहिली की झिजलेल्या ऑइल पंपातून तेल झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. रविवारी पहिली किक बसली की तेच तेल जळून निळ्या धुराचा लोट निघतो आणि पाच-सात मिनिटांत थांबतो. म्हणजे रिंगा गेल्यात असं नाही. गाडी काढण्याआधी क्रँककेसच्या बुडाचा नट खोलून तेल भांड्यात घ्या, गाळून टाकीत परत ओता. तेलाच्या नळीत कॉक बसवण्याची युक्ती पुष्कळजण करतात. ती आम्हाला पटत नाही. कॉक उघडायला एकदा विसरलात की दोन-तीन किलोमीटरमध्ये बिग एंड बेअरिंग जातं आणि त्याचा खर्च सगळ्या चलनांच्या बेरजेपेक्षा मोठा असतो. तेलाच्या वाटेतला बॉल व्हॉल्व्ह स्वच्छ करून गोळी नीट बसवणं हेच खरं काम.

पीयूसीच्या केंद्रावर गेलात तर गाडी दहा मिनिटं चालवून गरम करूनच न्या. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम इतकी मुभा आहे. नीट लावलेली एम२० त्यात बसते. बसत नसेल तर आमालचा पायलट स्क्रू बघा. हा स्क्रू हवेचा आहे, पेट्रोलचा नाही. आत घेतला की मिश्रण घट्ट होतं, बाहेर घेतला की पातळ. पूर्ण आत घेऊन दीड ते दोन फेरे बाहेर ही सुरुवात, मग पाव-पाव फेरा बाहेर घेत इंजिन अडखळायच्या आधी थांबा. इतर काही कार्बोरेटरांत हे नेमकं उलट असतं, आणि तिथे हात बसलेला पोरगा तुमच्या गाडीवर "पातळ करतो" म्हणून स्क्रू आवळतो. आकडा चढतो, नापास, परत चौकात. अशा गाड्यांना प्रमाणपत्र सहा महिन्यांचं मिळतं, वर्षाचं नव्हे. तारीख टाकीच्या झाकणाखाली चिकटवून ठेवलीत तरी चालेल.

आवाजाबद्दल मात्र आम्ही मामांच्या बाजूने आहोत. परवाच्या बुलेटला मोकळा पाइप लावून गल्लीत फटाके फोडणारा पोरगा आणि ही जुनी मंडळी एकाच पंगतीत बसवू नका, एवढंच म्हणणं आहे. लांब स्ट्रोकचं, कमी कॉम्प्रेशनचं इंजिन मूळ सायलेन्सरवर जाड, सावकाश आवाज काढतं. एम२० चं कॉम्प्रेशन जेमतेम ४.९. थ्रॉटल सोडल्यावर जुनी गाडीही फटाका वाजवत असेल तर तो दोष आहे, हौस नव्हे. सिलिंडरला पाइप बसतो त्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरात जळतं. सांध्याभोवती काळी काजळी दिसली की समजा. सांधा साफ करा, एक्झॉस्ट पेस्ट लावा, पट्टी आवळा.

दिव्यांचं थोडक्यात. ६ व्होल्ट, ३० वॅटचा बल्ब आणि चांगल्यातला चांगला डायनॅमो ६० वॅटचा. सिग्नलला उभं राहिलं की इंजिन मंदावतं, अमीटरचा काटा उणे बाजूला जातो आणि दिवा पणतीवर येतो. मामा म्हणतात लाइट नाही, चालक म्हणतो आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस पुष्कळदा चेसिसला असतो. तिथे सवयीने साधा एलईडी घातला तर तो पेटतच नाही. डायनॅमो तोच ठेवून १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येतो, तो बसवावा. दिवसा दिवा चालू ठेवायची सक्ती एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना आहे, यांना नाही.

कागदांचा भाग सगळ्यांत किचकट. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस-इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी त्यात बसते. अर्ज नमुना २० मध्ये, सोबत विमा आणि जुनं आरसी बुक, बाहेरून आणलेली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. नोंदणी १० वर्षं चालते. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. पण मेख पुढे आहे. व्हिंटेज नोंदणीवर रोजची ये-जा करता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर यायचं. गांधीनगरला कापड आणायला निघालात आणि मामांनी हटकलं तर "पेट्रोल भरायला चाललोय" किती वेळा सांगणार? ज्यांना गाडी रोज वापरायची आहे त्यांनी साधीच नोंदणी नूतनीकरण करत राहावी.

एचएसआरपीच्या, म्हणजे नव्या सुरक्षा नंबरप्लेटच्या, अर्जात चेसिस आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे लागतात. बुकात एक, गाडीवर दुसरं, असं निघालं की ऑनलाइन गाडी पुढे सरकत नाही. बुक लिहिताना 'डब्ल्यूएम२०' ही सुरुवातीची अक्षरं कोणी गाळलेली असतात, कोणी आकड्यांत धरलेली. इंजिन क्रमांक डाव्या क्रँककेसवर, सिलिंडरच्या बुडाशी, तेल-मातीच्या थराखाली असतो. रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ करा, सँडपेपर कधीही लावू नका. घासलेला क्रमांक चौकात चोरीचा वाटतो आणि कचेरीत सिद्ध करता येत नाही. पुढची प्लेट २८५ बाय ४५ मिलिमीटरची, सपाट. जुन्या गाडीला मडगार्डवर बाकदार प्लेट होती, तिच्या जागी ही बसत नाही. मडगार्डला भोक पाडू नका. हेडलाइटच्या ब्रॅकेटच्या बोल्टांत आडवी पट्टी धरून त्यावर बसवा.

हेल्मेटवर चर्चा नको. चामड्याची टोपी आणि गॉगल फोटोपुरते. रस्त्यावर आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, मागे बसणाऱ्यालाही.

पान्यांचा शब्द दिला होता. या गाड्यांचे नट व्हिटवर्थ मापाचे. पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या रुंदीचा नव्हे, बोल्टाच्या जाडीचा. १/४ व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटर. १३ चा बसत नाही, १४ चा फिरून नट गोल करतो. ५/१६ म्हणजे १५.२. फक्त ३/८ च्या नटाला १८ चा पाना बेताने चालतो. व्हिटवर्थच्या आट्यांचा कोनही ५५ अंश, मेट्रिकचा ६०, त्यामुळे मेट्रिक बोल्ट दोन आटे जाऊन अडकतो आणि पुढे रेटला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. चौकात बंद पडलेल्या गाडीला मामांनी कुणाचा तरी पाना मागून आणून दिला तर आभार मानून परत करा. म्हादबा मेस्त्रींची परंपरा सांगणाऱ्या आपल्या गावात ऑइल इंजिनवर हात घासलेले मेस्त्री अजून आहेत. त्यांच्याकडे व्हिटवर्थचे टॅप निघतात आणि बुश लेथवर उतरवून मिळतात. हे बऱ्याच मोठ्या शहरांत मिळत नाही.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाबद्दल विचारणा फार होते. ऑक्टेनची या गाड्यांना काळजी नाही. अडचण रबरी नळ्या, टाकीच्या आतला जुना लेप आणि कॉकमधलं बूच यांची. नळी बदला, लेप सुटू लागला असेल तर टाकी साफ करून घ्या, मिश्रण पातळ पडतं म्हणून मेन जेट एक-दोन नंबर मोठा घाला आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी-कार्बोरेटर रिकामे करा.

वाहतूक शाखेला एक सुचवणं आहे. नव्याने चौकात येणाऱ्या कर्मचाऱ्यांना एखाद्या सकाळी मैदानावर एम२०, जुनी बुलेट आणि ट्रायम्फ अशा तीन गाड्या दाखवाव्यात. लिफ्टरने बंद करणं, लिव्हर मागे घेऊन किक मारणं, क्रमांक कुठे शोधायचा आणि उजव्या पायाचा गिअर, दोन तासांत होतं सगळं. गाड्या, पाने, आणि खाली गळणारं तेल पुसायला चिंध्या आम्ही घेऊन येऊ. मैदानाची वेळ तेवढी खात्याने कळवावी.

आपले,
जुन्या फटफटींचे काही चालक व मेस्त्री,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर